‘तर’ आणि ‘तरच’

तर्कक्षमतेच्या चाचण्यांतील सोपाधिक विधानांची चिकित्सा केवळ तर्कशास्त्राच्या नियमांनी होत नाही. त्यांचे मराठीही तपासले पाहिजे. ‘जेथे धूर तेथे अग्नी’ ही व्याप्ती उलटत नाही, हे नैयायिकांनी तप्त लोहगोलकाच्या दृष्टांताने दाखविले आहे : तेथे अग्नी आहे, धूर नाही. त्याचप्रमाणे ‘गोविंद संघात असेल तर हरी असेल’ यावरून हरी नसल्यास गोविंद नाही, एवढेच निष्पन्न होते; एकटा हरी असू शकेल. व्यवहारात मात्र ‘अभ्यास केलास तर खाऊ मिळेल’ याचा अर्थ मूल ‘एरव्ही नाही’ असाच घेते, आणि त्यात वावगे काही नाही. गाइस व झ्विकी यांनी १९७१ मध्ये या प्रवृत्तीचे विवेचन केले.

खरा घोटाळा ‘तरच’चा. इंग्रजीत ‘ओन्ली इफ’च्या मागाहून अट येते, मराठीत ती ‘तरच’च्या आधी येते. वरील नियमच इंग्रजीतून ‘ओन्ली इफ’ने आला, तर मराठीत ‘हरी असेल तरच गोविंद असेल’ असे हवे. मूळ शब्दक्रम राखणाऱ्या भाषांतरात ‘गोविंद असेल तरच हरी असेल’ असे होते, व नियमाची दिशाच फिरते. उत्तरसूची मात्र मूळ इंग्रजी प्रश्नाचीच राहते. मग मराठी वाक्य नीट वाचणारा उमेदवारच गुण गमावतो.