मडगार्ड काढलेलं सौंदर्य

सौंदर्यस्पर्धा म्हटली की निकालावरून भांडण आलंच. मुकुट मिळाला तो एक सोडून बाकी सगळ्यांच्या मते परीक्षक आंधळे असतात. अमेरिकेत मात्र गेली पाऊणशे वर्षं अशी एक सौंदर्यस्पर्धा चालू आहे, की जिथे स्पर्धक मुकाट्याने उभे असतात आणि भांडतात ते त्यांचे मालक. कारण स्पर्धक म्हणजे मोटारी!

1950 साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंड गावी अल स्लोनेकर नावाच्या गृहस्थांनी हा प्रपंच मांडला. 2004 पासून तो पोमोनाला हलला आहे. किताब असा : 'अमेरिकेतली सर्वांत सुंदर रोडस्टर'. रोडस्टर म्हणजे डोक्यावर पक्कं छप्पर नाही, दाराला वर चढणारी काच नाही. पाऊस आला की भिजायचं, ही मूळ अट. आणि चषक? चांगला नऊ फूट उंच! आपल्याकडे चषक शोकेसमध्ये ठेवतात. हा ठेवायचा तर आधी शोकेसमध्ये जिना बांधावा लागेल.

आता या मोटारी मूळच्या कुलीन नव्हेत. हॉट रॉड ही गरीब पोरांची करामत. भंगारातली जुनी फोर्ड मातीमोल भावात घ्यायची, मडगार्ड काढायचं, वजन वाढवील ते सगळं उतरवायचं, इंजिनाला चार औषधं पाजायची आणि म्युरॉक किंवा एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर सुसाट सोडायची. पोलीस आणि शेजारी या पोरांना गुंडच समजत. त्या गुंडाला आंघोळ घालून, भांग पाडून चार माणसांत उभं करायचं, म्हणून हे प्रदर्शन.

पहिला मान मिळाला बिल नीकॅम्प यांच्या 1929 च्या फोर्डला. हे गृहस्थ मोटारी रंगवणारे कारागीर. गाडीवर खर्च दोन हजार डॉलरच्या आत. फोटोत पाहिली तर वाटतं, यात विशेष ते काय? निळी, ठेंगणी, गुळगुळीत, एखाद्या नीटनेटक्या घरासारखी. पण गंमत पुढेच आहे. बक्षीस मिळाल्यावर ती मखरात बसली नाही. 1952 मध्ये एल मिराजच्या धुळीत ती ताशी 142 मैलांच्या वर धावली. सुंदर म्हणून निवडलेल्या बाईने दुसऱ्या दिवशी कुस्तीचा फड मारावा, तसंच हे!

त्यानंतर मात्र सुंदरीला दागिन्यांचा सोस लागला. 1958 आणि 1959 अशी सलग दोन वर्षं जिंकली ती 'अला कार्ट'. रिचर्ड पीटर्स मालक आणि जॉर्ज बॅरिस कारागीर. मूळची ही 1929 ची पिकअप. म्हणजे ज्या जातीच्या गाडीतून कोबी आणि कोंबड्या जायच्या, तिला मोत्याचा पांढरा रंग, त्यावर नक्षीदार पट्टे आणि पोटाखालीसुद्धा क्रोम! पोटाखालचा क्रोम बघायचा कसा? अशा गाड्यांखाली आरसे मांडतात. मला विचाराल तर अला कार्टला नावं ठेवायची हिंमत होत नाही. लग्नघरातल्या आत्याबाईंसारखी ती अंगभर नटलेली आहे, पण मनापासून नटलेली आहे. तिच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती निघाल्या. डिंकाने बोटं चिकटवून घेत पोरांनी त्या जेवणाच्या टेबलावर जुळवल्या. या पोरांची सौंदर्याची व्याख्या तिथेच पक्की झाली असणार.

1967 आणि 1968 ची 'इन्व्हेडर' मात्र मला झेपत नाही. शेजारीशेजारी दोन पॉन्टिअॅक इंजिनं! एका सासूत भागत असताना दुसरी आणावी, तसला प्रकार. मग 1970 साली अँडी ब्रिझिओ यांच्या 'इन्स्टंट टी'ने बक्षीस नेलं. हे गृहस्थ सुटे भाग संच करून विकत. घरी न्या आणि जोडा. परीक्षकांनाही बहुधा दागिन्यांचं अजीर्ण झालं असावं.

ऐंशीच्या दशकात बॉइड कॉडिंग्टन आले. दिवसा डिस्नेलँडमध्ये यंत्रकामगार आणि रात्री गॅरेजमध्ये, अशी या माणसाची सुरुवात. त्यांनी पुन्हा काढायला सुरुवात केली. दाराच्या मुठी गेल्या, बिजागऱ्या लपल्या, अंगावर एकच रंग, चाकं अखंड अॅल्युमिनियममधून कोरलेली. डोळा कुठे अडत नाही. पण या काढण्यात आणि त्या काढण्यात फरक आहे. तळ्यावरच्या पोराने मडगार्ड काढलं ते वेगासाठी आणि फुकटात. इथे मूठ काढायलाच मुठीच्या पन्नास पट पैसे पडतात! साधेपणा महाग झाला, की तो दागिनाच.

अलीकडचा निकाल तर आणखी मजेचा. 2016 मध्ये डॅरिल हॉलेनबेक यांच्या 1932 च्या फोर्डने बाजी मारली. जुन्या वळणाची, नुसती बघत बसावी अशी गाडी, आणि मालक पुन्हा रंगारीच. वाटलं, आलं शहाणपण. पुढच्याच वर्षी जिंकली 1936 ची पॅकार्ड! पॅकार्ड म्हणजे शेठजींची गाडी. तिला आणखी घडवून, तिसातल्या बड्या लोकांच्या खास बांधून घेतलेल्या गाड्यांचा डौल दिला होता. डौल आहे, नाही असं नाही. पण ज्यांच्या पॅकार्डला मागे टाकायचं म्हणून पोरांनी फोर्डचे कपडे उतरवले, त्यांचीच पॅकार्ड आता पोरांच्या पंक्तीत पहिल्या पाटावर बसली.

परीक्षकांनाही हे कुठेतरी टोचत असावं. कारण आताच्या नियमांत अशी अट आहे, की गाडी स्वतःच्या इंजिनावर चालून दाखवली पाहिजे. पुढे जायचं, मागे यायचं, डावीकडे वळायचं, उजवीकडे वळायचं. मग कापडाने पुसून, आरसे मांडून ती जागेवर उभी राहते. नीकॅम्प यांच्या निळ्या गाडीला ही परीक्षा द्यायला सांगितली असती, तर ती मागे यायला थांबली असती की नाही, शंकाच आहे.