'पथेर पांचाली' : कादंबरी आणि चित्रपट

कादंबरीवरून निघालेल्या चित्रपटाची चर्चा बहुधा मूळ कृतीवरील निष्ठेपाशी येऊन थांबते. काय गाळले आणि काय बदलले याची टिपणे झाली की समीक्षा झाली, असा समज रूढ आहे. विभूतिभूषण बंद्योपाध्यायांची 'पथेर पांचाली' (१९२९) आणि सत्यजित राय यांचा त्याच नावाचा चित्रपट (१९५५) या मापाने मोजता येत नाहीत. राय यांनी कादंबरीला पुष्कळ ठिकाणी हात लावला आहे, आणि नेमक्या त्यांतल्या काही ठिकाणी ते तिच्या अधिक जवळ गेले आहेत.

दुर्गेच्या चोरीचा प्रसंग यासाठी पाहण्याजोगा आहे. कादंबरीत चोऱ्या दोन : आधी मण्यांची माळ, पुढे सोन्याची कुंकवाची डबी. दुर्गा गेल्यानंतर घर आवरताना अपूला डबी सापडते आणि तो ती बांबूच्या बनात फेकून देतो. चित्रपटात सोने नाही. माळच उरते, आणि ती जाते तळ्यात. पाण्यावरचे शेवाळ क्षणभर दुभंगते व हळूहळू पुन्हा मिटते. बहिणीचे गुपित कायमचे झाकले गेले, हे कादंबरीकाराला निवेदनातून सुचवावे लागते; येथे ते पाणीच करते. शिवाय सोन्याच्या जागी मणी आल्याने चोरीतला लोभ विरघळून जातो आणि पोरसवदा हौस तेवढी राहते.

इंदिर ठाकरूणच्या बाबतीत मात्र निवाडा इतका सोपा नाही. कादंबरीत ती अपू तान्हा असतानाच मरते. तो भाग 'बल्लाली बालाई' या नावाचा आहे; कुलीन ब्राह्मणांच्या बहुपत्नीकत्वात होरपळलेल्या एका स्त्रीबरोबर गावातला जुना काळच तेथे संपतो. राय तिला अपूच्या जाणत्या वयापर्यंत जगवतात. त्यामुळे मुलांना मृत्यूची पहिली ओळख होते, परंतु म्हातारीच्या पाठीमागचा इतिहास पुसला जातो. चुनीबाला देवींच्या असामान्य अभिनयाने ही उणीव जाणवत नाही, एवढेच.

आगगाडीचा प्रसंग तर सर्वांच्या तोंडी आहे. त्याची किंमत कोणी सहसा मोजत नाही. कादंबरीतील भावंडे रेल्वेचा रस्ता शोधायला निघतात खरी, पण गाडी त्यांना दिसत नाही. ती पाहण्याची इच्छा दुर्गेबरोबरच जाते. चित्रपटात काशफुलांच्या रानातून धूर सोडीत गाडी येते, अपू धावत तिच्यापर्यंत पोहोचतो, आणि दुर्गेच्या न पाहिलेल्या गाडीचे कारुण्य त्या देखण्या दृश्यात खर्ची पडते. कर्णाच्या कथेने व्याकूळ होणारा अपूही पडद्यावर फारसा येत नाही. जत्रा पाहून आलेला आणि चकचकीत कागदाचा मुकुट घातलेला मुलगा दिसतो, त्याच्या मनातले कुरुक्षेत्र दिसत नाही.

सर्वांत मोठा फरक शेवटाचा. कादंबरी काशीला जाते. हरिहर मरतो, सर्वजया श्रीमंताघरी स्वयंपाकीण होते, आणि गावाच्या ओढीने झुरणाऱ्या अपूला पथदेवता पुढे चालण्यास सांगते. शीर्षकातील 'पथ' खऱ्या अर्थाने तेथे उलगडतो. राय यांनी काशीचा भाग 'अपराजितो'साठी (१९५६) राखला व हा चित्रपट गाव सोडण्यापाशी थांबवला. देवतेचे आश्वासन त्यात नाही. ओसाड घरात एक साप शिरतो, आणि बैलगाडीत बसलेली तिघे माणसे काही न बोलता दूर जात राहतात.