‘इम्प्लोअर’ आणि आपले गाऱ्हाणे

इंग्रजीतील ‘इम्प्लोअर’ या क्रियापदाला मराठी प्रतिशब्द देताना आपले अनुवादक पुष्कळदा ‘याचना करणे’ असे लिहून मोकळे होतात. आम्हांस हा प्रतिशब्द अपुरा वाटतो.

‘इम्प्लोअर’ लॅटिनमधून आले असून त्यात रडण्याचा अर्थ दडलेला आहे. त्याच्याच अर्थकुळातील ‘बेग’ मात्र शिष्टाचारात झिजले. ‘आय बेग टू स्टेट’ असा आरंभ असलेले अर्ज सरकारी सेवेत आम्ही पुष्कळ वाचले; त्यांत अर्जदार भीक मागत नसे, केवळ कळवीत असे. ‘इम्प्लोअर’ला अशी झीज लागली नाही. त्यातला कळवळा आजही ओला आहे.

मराठीत ‘विनंती’ची गत ‘बेग’सारखीच झाली. ‘विनंती विशेष’ लिहिणाऱ्याचे डोळे काही पाणावलेले नसतात. ‘विनवणे’ मात्र अजून जिवंत आहे. याचना वस्तूची असते, विनवणी माणसाला असते. ‘मदतीची याचना केली’ म्हटले की मदत पुढे येते. ‘भावाला विनवले’ म्हटले की भाऊ समोर उभा राहतो. इंग्रजी क्रियापदाचा कलही बहुधा माणसाकडेच असतो. म्हणून ‘कळवळून विनवणे’ हा प्रतिशब्द आम्हांस अधिक जवळचा वाटतो. ‘गयावया करणे’ येथे चालणार नाही, कारण त्यात सांगणाराच मागणाऱ्याला तुच्छ लेखतो.

मागणाऱ्याचा मान कसा राखावा, हे पेडणे-डिचोलीकरांना परक्या कोशात शोधावे लागू नये. इतरत्र ‘गाऱ्हाणे’ म्हणजे तक्रार. आपल्या देवळांत ते देवापुढे घातलेले साकडेही असते. एकजण गाऱ्हाणे घालतो आणि जमलेला गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला साथ देतो. तेथे आर्तता असते, पण लाचारी नसते; देवाशी जुने नाते असल्याच्या विश्वासाने माणूस बोलतो. ‘इम्प्लोअर’ एकट्याचे असू शकते, गाऱ्हाण्यामागे गाव असतो. म्हणून हे शब्द समानार्थी नव्हेत. परंतु मागतानाही माणूस ताठ उभा राहू शकतो, हे गाऱ्हाणे शिकवते.

आपल्या घरांतील नातवंडे ‘इम्प्लोअर’ शाळेत शिकतात आणि ‘गाऱ्हाणे’ म्हणजे केवळ तक्रार समजतात. त्यांना इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगताना एकदा देवळातील तो प्रसंगही दाखवावा. दोन्ही शब्द त्यांना अधिक नीट कळतील.