त्रुटित लेखांचें यांत्रिक पूरण : 'इथाका'ची परीक्षा

'नेचर' या इंग्रजी शास्त्रीय साप्ताहिकांत मार्च २०२२ मध्यें 'इथाका' नामक संगणक-प्रणालीची हकीकत प्रसिद्ध झाली, व तेव्हांपासून प्राचीन लेखांच्या अभ्यासकांत तिचा बराच बोलबाला आहे. यानिस असाएल व थिया सोमरशील्ड हीं तिच्या कर्त्यांतील प्रमुख नांवें. फुटक्या ग्रीक शिलालेखांतील गेलेलीं अक्षरें सुचविणें, लेख मूळ कोणत्या प्रांतांतला तें सांगणें व त्याचा काळ ठरविणें, अशीं तीन कामें ही प्रणाली करते. आमच्या संग्राहक मित्रांपैकीं दोघातिघांनीं, 'आतां आपल्या वाळवीनें खाल्लेल्या कागदांचेंही असेंच होईल काय?' म्हणून मजला विचारिलें. त्यांस तोंडी उत्तर देण्यापेक्षां मूळ निबंध वाचून लिहावें हें बरें, म्हणून हा प्रपंच.

पॅकार्ड ह्युमॅनिटीज् इन्स्टिट्यूट या संस्थेनें संगृहीत केलेल्या ग्रीक लेखांतून निवडलेले ७८,६०८ लेख या यंत्रास शिकविण्यांत आले. त्यांचा काळ इ. स. पूर्व ७ व्या शतकापासून इसवी सनाच्या ५ व्या शतकापर्यंतचा. परीक्षा घ्यावयाची ती अशी कीं, लेखांतील ज्ञात अक्षरें, एकापासून दहापर्यंत, मुद्दाम झांकावयाचीं व यंत्रास विचारावयाचें. यंत्राचें पहिलें उत्तर शेंकडा ६२ वेळां बरोबर आलें. इतिहासज्ञांचें एकट्याचें शेंकडा २५ वेळां. आणि यंत्राची सूचीं पुढें ठेवून इतिहासज्ञ बसले तेव्हां शेंकडा ७२ वेळां. तज्ज्ञांनीं दोन तासांत सरासरी ५० लेख पुरे केले, हेंही निबंधांतच नमूद आहे. म्हणजे एका लेखास अडीच मिनिटेंही नाहींत. ज्यानें एका ओळीवर एक पावसाळा घालविला आहे तो या तुलनेस हंसेल.

तथापि एक गोष्ट मोकळ्या मनानें मान्य केली पाहिजे. अथेन्सच्या कांहीं राजाज्ञांत 'सिग्मा' हें अक्षर तीन रेघांचें आहे. एवढ्या अक्षरवटिकेवरून त्या इ. स. पूर्व ४४६ च्या अलीकडच्या नव्हेत असें दीर्घकाळ धरलें जात होतें. अलीकडील विद्वानांनीं तो काळ सुमारें पंचवीस वर्षांनीं खालीं ओढला. हे लेख शिक्षणसंग्रहांतून वगळून यंत्रास विचारिलें असतां त्यानें सरासरी इ. स. पूर्व ४२१ हें वर्ष दिलें, जें नव्या मताच्या जवळ जातें. केवळ अक्षराच्या वळणावर काळ ठरविणारांनीं, व त्यांत प्रस्तुत लेखकही आला, हें ध्यानांत ठेवावें.

आतां पूरणाविषयीं. ग्रीक राजाज्ञांचा मायना ठरलेला असतो : सभेस व लोकांस मान्य झालें, अमुक जमातीची पाळी होती, अमुक चिटणीस होता. आपल्या मोडी पत्रांसारखेंच हें. अशा जागीं गेलेलें अक्षर सांगण्यास विद्वत्ता लागत नाहीं, वहिवाट लागते. गेल्या चातुर्मासांत मींही एक लहानसा प्रयोग केला. उत्तर पेशवाईंतील एका खाजगी पत्राची अस्सल व तत्कालीन नक्कल, अशीं दोन्ही माझ्या संग्रहीं आहेत. त्याचें बालबोध लिप्यंतर करून बारा ठिकाणीं शब्द झांकले, व नातवाकरवीं एका बोलत्या यंत्रास ('इथाका' नव्हे, तिला मराठी येत नाहीं) तें पुरें करावयास सांगितलें. मायन्यांतील व समाप्तीच्या मजकुरांतील सातही जागा त्यानें बिनचूक भरल्या. उरलेल्या पांच जागीं दोन माणसांचीं नांवें, एका गांवाचें नांव, एक तिथि व एक रक्कम होती; त्यांतलें एकही साधलें नाहीं. 'सवाचारशें' होतें तेथें 'पांच हजार' आलें, आणि तें मायन्याइतक्याच ठाम शब्दांत आलें. बारांपैकीं सात म्हणजे शेंकडा ५८. कोणीही शाळामास्तर एवढ्या गुणांवर मुलास वर चढवितो, मीं तीस वर्षें तेंच केलें. पण त्या पत्रांत इतिहासास उपयोगी असें जें कांहीं होतें तें त्या पांच जागींच होतें. 'इथाका' वीस पर्याय त्यांच्या संभवनीयतेसह मांडते, हा तिचा प्रामाणिकपणा या बोलत्या यंत्रांत नाहीं; तरी शेंकडेवारींत मायना व विशेषनाम एकाच मापानें मोजणें हा दोष दोहोंकडे लागू पडतो.

दुसरी अडचण लिपीची. पुष्कळ ग्रीक लेख चौकटींत सोंगट्या मांडाव्या तसे अक्षराखालीं अक्षर खोदलेले असतात, म्हणून फुटक्या भागांत किती अक्षरें होतीं तें मोजतां येतें, आणि 'इथाका'स ती संख्या आधीं सांगावी लागते. धांवत्या मोडींत भोंकाच्या रुंदीवरून अक्षरें कोण मोजणार?

याहून गंभीर गोष्ट शिक्षणसाहित्याची. याच मंडळींची २०१९ मधील पहिली प्रणाली 'पिथिया'. लायडेन येथें १९३१ सालीं ठरलेल्या संकेताप्रमाणें संपादकानें आपल्या पदरचीं घातलेलीं अक्षरें चौकोनी कंसांत देतात. 'पिथिया'स शिकवितांना तीं अक्षरें ठेविलीं, कंस मात्र काढून टाकिले. छिन्नीनें खोदलेलें कोणतें व संपादकानें कल्पिलेलें कोणतें, हा भेद तेथेंच बुडाला. आदिपर्वाच्या चिकित्सक आवृत्तींत (१९३३) विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं संशयित पाठाखालीं नागमोडी रेघ मारली. ती रेघ पुसून कोणी महाभारत शिकवूं लागला तर आपण काय म्हणूं? शिवाय पाठ निवडतांना कठिन पाठ पूर्वीचा मानण्याकडे आपला कल असतो, कारण लेखनिक कठिणाचें सोपें करतो. हें यंत्र म्हणजे हजारों लेख कानांवरून गेलेला लेखनिकच होय. वारंवार ऐकलेलें तेंच तो घालतो.

२०२५ सालीं लॅटिन लेखांसाठीं 'एनियस' ही पुढली प्रणाली आली. ती अज्ञात लांबीचेंही खिंडार भरूं पाहते व तत्सदृश लेखांची यादी पुढें ठेवते. मजला यांतील यादीच मोलाची वाटते : समांतर उल्लेख शोधण्यांत आमचीं वर्षें गेलीं. आपल्या कागदांसाठीं असें कांहीं कोणी करील तर त्यास माझी विनंति इतकीच कीं, यंत्रसूचित अक्षरांस निराळा कंस असावा व शेजारीं मूळ कागदाचें छायाचित्र छापावें. वर सांगितलेल्या पत्रांत एक जागा अस्सलांत वाळवीनें व नकलेंत पाण्यानें गेली आहे. यंत्रानें तेथें एक भारदस्त आडनांव सुचविलें. मीं टिंबें दिलीं आहेत.