‘कर्मजिज्ञासा’ आणि ‘नरो वा कुंजरो वा’

लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यातील ‘कर्मजिज्ञासा’ या दुसऱ्या प्रकरणात सत्याच्या अपवादांचा जो विचार आहे, तो नीतिशास्त्राचा मानला जातो. परंतु त्यातील मुख्य अडचण अर्थविचाराची आहे.

प्राणरक्षणासाठी असत्य बोलावे काय, हा प्रश्न टिळकांपुढे आहे. कांटने १७९७ मधील निबंधात अशा प्रसंगीही असत्याची मुभा नाकारली होती. उलट कर्णपर्वातील कौशिक दरोडेखोरांना लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा खरा सांगून नरकास गेला. तेव्हा वेड्याचे सोंग घेऊन वेळ मारून न्यावी, या उपायाचाही टिळक विचार करतात; आणि असे हुंकार देणे पर्यायाने असत्यच नव्हे काय, असे विचारतात. हा प्रश्न मार्मिक आहे. मात्र युधिष्ठिराचे उदाहरण देताना ते त्याच्या रथाचे जमिनीस टेकणे व त्याचा अल्पकाळचा नरकवास यांकडे वळतात. वक्त्यास काय भोगावे लागले हे त्यावरून कळते. श्रोत्यास काय कळले, हा प्रश्न तसाच राहतो.

‘नरो वा कुंजरो वा’ ही मराठीत रूढ झालेली शब्दरचना भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतील द्रोणपर्वाच्या पाठात नाही. तेथे ‘हत्ती’ हा शब्द राजा अस्पष्टपणे उच्चारतो. म्हणजे रूढ वचनात संदिग्धता आहे, तर मूळ पाठात निर्णायक शब्द ऐकू न जाण्याची योजना आहे. मराठी वाक्प्रचाराने या वंचनेस निव्वळ संदिग्धतेचे सौम्य रूप दिले.

योगसूत्र २.३० वरील व्यासभाष्य येथे अधिक उपयुक्त ठरते. आपला बोध दुसऱ्यापर्यंत पोचविण्यासाठी योजलेली वाणी वंचक नसावी व प्राणिमात्रास घातक नसावी, अशा कसोट्या ते सांगते. वाचस्पतिमिश्रांनी पहिलीसाठी युधिष्ठिराचेच उदाहरण दिले आहे. दुसरीसाठी चोरांना तांड्याची वाट खरी सांगणाऱ्या तपस्व्याचे. दोघांचेही शब्द वस्तुस्थितीस धरून आहेत आणि दोघेही सदोष आहेत. विधानाचा वाच्यार्थ व त्यातून श्रोत्याने काढावयाचा अभिप्रेतार्थ यांतील जो भेद पॉल ग्राइस यांनी १९६७ च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत मांडला, तो या चर्चेत बीजरूपाने आढळतो.

या दोन कसोट्या एकमेकींत मिसळू नयेत. रुग्णाच्या समाधानासाठी सांगितलेले निरुपद्रवी असत्य दुसरीस उतरेल, पहिलीस नाही. ते क्षम्य ठरेल, निर्दोष नव्हे. साक्षीदाराच्या क्षम्य असत्यासही स्मृतींनी प्रायश्चित्त सांगितले आहे, याकडे टिळकांनी लक्ष वेधले आहे, ते यामुळेच अर्थपूर्ण वाटते. परंतु याच न्यायाने, खऱ्या शब्दांनी दुसऱ्यास फसविणाऱ्यास आपले शब्द खरे होते एवढ्यावरून त्या प्रायश्चित्तातून सुटता येणार नाही. टिळकांनी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे हे उत्तर त्यांच्या विवेचनात अध्याहृत राहिले आहे.