वामनवृक्ष आणि ऋतूंचा न्याय

कोणत्याही कलेचें परीक्षण करण्यापूर्वीं ती कोणत्या द्रव्यांतून घडते हें ठरवावें लागतें. चित्राचें द्रव्य रंग, शिल्पाचें पाषाण, काव्याचें शब्द. जपानांत जिला बोन्साय म्हणतात व आपल्याकडे जिला वामनवृक्षांची कला हें नांव पडलें आहे, तिचें द्रव्य कोणतें? झाड, असें उत्तर बहुतेक वाचक देतील. आमच्या मतें तें अपुरें आहे. या कलेचें खरें द्रव्य काळ होय, आणि तो ऋतूंच्या रूपानें कलावंताच्या हातीं येतो. हें ध्यानांत न घेतल्यामुळेंच तिची स्तुति आणि निंदा या दोन्ही आपल्याकडे भलत्याच मुद्द्यांवर होत असतात.

स्तुति करणारे बहुधा खुजेपणावर भाळतात. तीस वर्षांचें झाड हातभर उंचीचें पाहून ते जे उद्गार काढतात, तेच तांदळाच्या दाण्यावर श्लोक कोरलेला पाहूनही काढतील. वस्तुतः लहानपणा हें येथें केवळ साधन आहे. जपानी मेपलचें उदाहरण घ्या. वसंताच्या तोंडाशीं, कळ्या फुगल्या आहेत पण उमललेल्या नाहींत अशा वेळीं, त्याचीं मुळें छाटून माती बदलतात. पालवी फुटूं लागली कीं कोंवळे शेंडे खुडतात, म्हणजे एका डहाळीच्या दोन आणि दोहोंच्या चार होतात. काळ्या पाइनवृक्षाचे मेणबत्तीसारखे सरळ कोंभ उन्हाळ्याच्या आरंभीं कापतात. मागाहून जे कोंभ येतात त्यांच्या सुया आंखूड राहतात. प्रत्येक कामास मुहूर्त आहे, आणि तो टळल्यास वर्षभर थांबावें लागतें, किंवा झाडालाच मुकावें लागतें.

रसिकानेंही हें पंचांग पाळावयास हवें. शरदांतील मेपलचें तांबडें पान कोणासही मोहित करील. जाणत्यांची दृष्टि मात्र हिंवाळ्याकडे असते. टोकियोच्या उएनो भागांत भरणारें ‘कोकुफु’ प्रदर्शन १९३४ सालीं सुरू झालें. तें साधारणतः फेब्रुवारींत असतें, त्यामुळें पानझडी झाडें तेथें उघड्या फांद्यांनिशीं उभीं राहतात. घाईनें केलेल्या छाटाची गांठ, तार वेळेवर न काढल्यानें सालींत उमटलेला व्रण, खालच्या फांदीहून जाड झालेली वरची फांदी, हें सारें अशा वेळीं लपत नाहीं. अलंकार उतरविल्यावर काय उरतें यावर काव्य पारखावें असें आम्ही विद्यार्थ्यांस सांगत आलों. येथें तें काम निसर्ग दर वर्षीं आपण होऊन करतो.

आतां निंदेकडे वळूं. झाडास बांधून, कापून खुजें करणें ही क्रूरता होय, हा आक्षेप सहृदय माणसांकडून येतो. तो हंसण्यावारी नेतां येणार नाहीं. बाजारांत नागमोडी बुंध्याचीं, एकाच सांच्यांतून काढल्यासारखीं झाडें मिळतात, व लोक तीं दिवाणखान्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत ठेवून मरूं देतात. त्यांच्यापुरता आक्षेप सर्वस्वीं खरा आहे. परंतु चांगला माळी झाडाची उंची घेतो, तरी ऊन, पाऊस व थंडी त्याच्यापासून हिरावीत नाहीं. शिवाय तो स्वतःही बांधला जातो. कडक उन्हाळ्यांत उथळ कुंडीस दिवसांतून दोनदां पाणी घालणाऱ्यास आठ दिवसांचा प्रवासही सुचत नाहीं.

या बंधनाचा शेवट कशांत व्हावा, यावर ‘हाचि-नो-कि’, म्हणजे ‘कुंडींतील झाडें’, या जपानी नो-नाटकाइतकें मार्मिक भाष्य आम्हांस दुसरें ठाऊक नाहीं. बर्फाच्या रात्रीं आलेल्या अनोळखी यतीस ऊब मिळावी म्हणून एक दरिद्री सामुराई आपलीं आलू, चेरी व पाइन हीं तीन जिवापाड जपलेलीं झाडें तोडून जाळतो. ज्यास झाडाचें मोल कळलें आहे तोच तें देऊं शकतो, असा आम्ही त्याचा अर्थ करतों.

हिरोशिमा येथील यामाकी कुटुंबाच्या एका पांढऱ्या पाइनवृक्षाचा इतिहासही असाच आहे. १६२५ पासून तो कुंडींत वाढत आलेला. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं अणुबॉम्ब पडला त्या ठिकाणापासून तो सुमारें तीन किलोमीटरांवर, भिंतीच्या आडोशास होता, म्हणून वांचला. १९७६ मध्यें तो अमेरिकेस भेट दिला गेला आणि आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानांत आहे. त्यानें सोसलेल्या संहाराची हकीकत तेथें उघड झाली ती २००१ मध्यें, दात्याचे नातू त्यास पाहावयास आले तेव्हां. ज्यांनीं संहार केला त्यांच्याच हातीं झाड सोंपवावें व त्याविषयीं गाजावाजा करूं नये, हें शील ज्या कलेच्या संगतींत जोपासलें गेलें तिला निव्वळ क्रूर म्हणण्यास आम्ही धजत नाहीं.

आपल्या अंगणांत ही कला रुजावयाची तर मेपलचा हट्ट सोडला पाहिजे. त्यास हिंवाळ्याची खरी झोंप लागते, व ती मुंबईच्या हवेंत मिळत नाहीं. आपल्या वडापिंपळांचें पंचांग निराळें आहे. पिंपळ वसंताच्या सुमारास पानें टाकून तांबूस पालवी धारण करतो. वडाचीं पानें उष्ण दिवसांत खुडलीं तर नवीं लहान येतात. आणि पावसाळ्याच्या दमट हवेंत त्यास पारंब्या सुटतात. फाल्गुन ते आषाढ हा काळ डोळसपणें पाहणाऱ्यास जपानी पुस्तकांतल्या तारखा पाठ करण्याचें कारण नाहीं.

कुंडींतील झाडाविषयीं मत द्यावयाचें असेल तर तें निदान एक वर्षभर पाहावें, असें आमचें वाचकांस सांगणें आहे. ज्या घरांत इतका धीर नाहीं त्यांनीं गुलाब किंवा तुळस लावावी. त्यांत उणेपणा कांहींच नाहीं, आणि एक झाड तरी व्यर्थ छळांतून सुटेल.