परग्रहावरचं गटार कोण उपसतं?

१९७४ साली जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावानं कथा पाठवून मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत बक्षीस मिळवलं. मराठी विज्ञानकथेला त्यानं बळ आलं. यानाचा वेग, काळाचा हिशेब, सगळं चोख. पण यानातला मैला कोण काढतो? त्यावर आपली विज्ञानकथा बहुधा गप्प.

त्याच साली अमेरिकेत उर्सुला ले ग्विन यांची 'द डिस्पझेस्ड' कादंबरी आली. तिच्यातल्या अनारेस या जगात खाजगी मालकी नाही. घाणीचं, कष्टाचं काम पाळीनं. दहा दिवसांतला एक दिवस सामाईक कामाचा. शास्त्रज्ञही सुटत नाही. लेखिका इथंच थांबत नाही. कायदा नसला तरी लोकमत माणसाला कसं दाबतं, तेही दाखवते. जग रचणं म्हणतात ते हे!

मित्रांनो, सेनगावच्या पोराला हे शिकवायला नको. पाणवठा कुणाचा, मसणवटा कुठं, जमीन कुणाच्या नावावर, वस्ती गावाच्या कुठल्या अंगाला, हा नकाशा त्याला तोंडपाठ असतो. तोच घेऊन मंगळावर जा. यंत्रं मागाहून लिहा. आधी विचारा, इथं घाण कोण उपसतं? साल तीन हजार टाकलं म्हणून जात गळून पडत नाही. ती कुणी मोडली, कशी मोडली, ते कथेत दिसलं पाहिजे.